माणसांचे भांडवल : जमशेटजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा हे नाव उच्चारले की जमशेदपूरचा पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेल ही तीन स्मारके डोळ्यांपुढे उभी राहतात. यांपैकी हॉटेल तेवढे त्यांच्या हयातीत, १९०३ मध्ये, सुरू झाले. विज्ञानसंस्था १९०९ मध्ये स्थापन झाली, आणि पोलादाचा पहिला रस भट्टीतून बाहेर पडला तो १९१२ मध्ये. त्या वेळी जमशेटजींना जाऊन आठ वर्षे लोटली होती. ज्या कामासाठी लोक त्यांना ओळखतात ते बरेचसे त्यांच्या स्वप्नातले काम होय. आयुष्यातली तीस-पस्तीस वर्षे ज्यावर वेचली ते काम मात्र फारसे कुणाच्या स्मरणात नाही. ते काम म्हणजे कापडाच्या गिरण्या. नागपूरची एम्प्रेस मिल आणि कुर्ल्याची स्वदेशी मिल या दोन गिरण्यांत जमशेटजी उद्योगपती म्हणून घडले. संकट आले असता संस्थेला कोण तारते, या प्रश्नाचे उत्तरही त्यांना तेथेच सापडले.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे झाला. नवसारी हे गाव त्या काळी बडोदे संस्थानात मोडत असे. टाटांचे घराणे पारशी पुरोहितांचे. पिढ्यान्‌पिढ्या अग्यारीतील धर्मकृत्ये करणारे. वडील नसरवानजी यांनी ही वाट सोडून मुंबईचा रस्ता धरला आणि व्यापारात जम बसविला. वयाच्या तेराव्या वर्षी जमशेटजी वडिलांकडे मुंबईस आले. एल्फिन्स्टन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८५८ मध्ये ते पदवी घेऊन बाहेर पडले आणि वाचनाची त्यांना तेथे जडलेली गोडी अखेरपर्यंत टिकली. पुढच्याच वर्षी वडिलांच्या पेढीच्या कामासाठी ते हाँगकाँगला गेले. चीनशी चालणाऱ्या कापूस, अफू, चहा व रेशीम यांच्या व्यापारातले बारकावे त्यांनी तेथे आत्मसात केले.

याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना यांचे पेव फुटले. कालपर्यंत साधे दलाल असलेले लोक लक्षाधीश झाले. टाटांच्या पेढीनेही लंडनमध्ये शाखा काढण्याचे ठरविले व त्यासाठी १८६४ च्या अखेरीस जमशेटजी इंग्लंडला निघाले. परंतु ते तेथे स्थिरस्थावर होतात न होतात तोच युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील तो सोन्याचा डोलारा एका उन्हाळ्यात जमीनदोस्त झाला. जमशेटजींच्या हाती ज्या हुंड्या होत्या त्यांना कागदाची किंमत उरली नाही.

पंचविशी ओलांडलेला एक तरुण, परका देश, दारात सावकार आणि मायदेशी वडिलांची पत पणाला लागलेली, असा तो प्रसंग होता. अशा वेळी अनेक जण तोंड लपवितात. जमशेटजींनी सावकारांपुढे सगळे हिशेब मांडले आणि पेढीची खरी स्थिती काय आहे ते लपवाछपवी न करता सांगितले. त्याचा परिणाम अनपेक्षित झाला. पेढीचे व्यवहार आटोपते घेऊन देणी फेडण्याचे काम सावकारांनी याच तरुणावर सोपविले आणि त्याबद्दल त्याला दरमहा वीस पौंड पगार ठरवून दिला. इकडे नसरवानजींनी मुंबईतील आपले घर विकून देणी भागविली. पुढे शेकडो माणसांना पगार देणाऱ्या जमशेटजींची ही पगाराची नोकरी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बुडत्या पेढीला त्या वेळी तारले ते भांडवलाने नव्हे. भांडवल तर केव्हाच संपले होते. तिच्या एका माणसावर लोकांचा विश्वास होता, म्हणून ती तरली. हा धडा जमशेटजींनी स्वतः भोगून घेतला होता.

त्यानंतर पेढीचे दिवस पालटले. १८६८ मध्ये जमशेटजींनी एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी सुरू केली. त्याच सुमारास अॅबिसिनियाच्या मोहिमेवर निघालेल्या इंग्रजी फौजेला सामान पुरविण्याच्या मक्त्यात टाटांचा भाग होता. त्यातून चांगला नफा झाला. चिंचपोकळीला बुडालेली एक तेलाची गिरणी होती. ती विकत घेऊन जमशेटजींनी तिची कापडगिरणी केली, अलेक्झांड्रा मिल असे तिचे नाव ठेवले आणि दोनएक वर्षांत ती नफ्याने विकून टाकली. मग ते पुन्हा इंग्लंडला गेले. या वेळी व्यापारी म्हणून नव्हे, तर विद्यार्थी म्हणून. लँकेशायरच्या गिरण्यांतील यंत्रे, कारागिरी व व्यवस्था त्यांनी बारकाईने पाहिली. कापूस जेथे पिकतो तेथेच त्याचे कापड का होऊ नये, हा प्रश्न मनात घेऊन ते परतले.

मुंबईत त्या काळी गिरण्यांची दाटी होऊ लागली होती. नवी गिरणी काढणारा कुणीही मुंबईच पसंत केला असता. जमशेटजींनी नागपूर निवडले. वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचलेला आणि मालाला खपही आसपासच, असा हिशेब त्यामागे होता. जुम्मा तलावाजवळची जी जागा त्यांनी घेतली ती दलदलीची होती. तेथे भराव घालण्यासाठी पैसा ओतणे म्हणजे सोने मातीत घालणे होय, असे तेथील एका धनिक सावकाराला वाटले आणि त्याने भांडवल देण्याचे नाकारले. पुढे त्याच सावकाराने आपली चूक कबूल करून या गृहस्थाने मातीचे सोने केले असे म्हटल्याची हकीकत चरित्रकार आवर्जून सांगतात. १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी उभी राहिली आणि १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्यावरून गिरणीला एम्प्रेस हे नाव मिळाले.

गिरणीचा कारभार जमशेटजींनी ज्या गृहस्थांकडे सोपविला त्यांना कापडाच्या धंद्याची काहीच माहिती नव्हती. बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातील अधिकारी होते. परंतु माणसे हाताळण्याची हातोटी, शिस्त व प्रामाणिकपणा हे गुण त्यांच्यात आहेत, हे जमशेटजींनी हेरले होते. यंत्रांचे ज्ञान शिकविता येते, निष्ठा शिकविता येत नाही, असा त्यामागील विचार असावा. यंत्रांची बाजू जेम्स ब्रुक्सबी नावाचे इंग्रज तज्ज्ञ सांभाळीत. या दोघांनी पुढे दीर्घकाळ ही गिरणी चालविली आणि जमशेटजींनी त्यांच्या कामात ऊठसूट ढवळाढवळ केली नाही.

तरीही सुरुवात खडतरच झाली. खर्च वाचविण्याच्या हेतूने प्रथम स्वस्त यंत्रे आणली होती. त्यांवर निघणारे सूत व कापड हलके ठरले आणि कंपनीच्या भागांची किंमत खाली आली. जमशेटजींनी चूक मान्य करून यंत्रे बदलली. दुसरी अडचण मात्र पैशाने सुटणारी नव्हती. गिरणी सुरू झाली त्याच वर्षी, १८७७ मध्ये, वेतनाच्या दरावरून तेथील कामगारांनी काम बंद केले. हिंदुस्थानातील कापडगिरण्यांच्या इतिहासात नोंदल्या गेलेल्या संपांत हा पहिला समजला जातो. टाटांच्या गिरणीची ख्याती पुढे कामगारांच्या जिव्हाळ्याबद्दल झाली. त्या गिरणीचा आरंभच संपाने व्हावा, ही गोष्ट कुणाला विचित्र वाटेल. पण ती लपविण्यासारखी नाही. उलट त्यानंतर जे घडले त्याचे मोल तिच्यामुळेच कळते. कामगारांचे प्रेम जमशेटजींना आयते मिळाले नव्हते; ते मिळवावे लागले.

नागपूरचे कामगार म्हणजे कोण होते, हे पाहिले की त्यांची अडचण उमगते. कोष्टी आणि महार या समाजांत हातमागावर विणण्याचे काम पूर्वापार चालत आले होते. विलायती कापडाने त्यांचे माग थंडावले होते. त्यांच्या जोडीला आसपासच्या खेड्यांतून आलेले कुणबी व इतर शेतकरी होते. या माणसांना घड्याळाची ओळख नव्हती. ऊन-पाऊस, पेरणी-कापणी आणि सणवार यांच्या तालावर त्यांचे आयुष्य चाललेले. भोंगा वाजला की आत यायचे, दिवसभर यंत्राच्या गतीने हात चालवायचे आणि उद्या पुन्हा तेच करायचे, हा जीवनक्रम त्यांना परका होता. गावात लग्न निघाले, जत्रा आली, शेताचे काम पडले, की माणूस गिरणीकडे फिरकत नसे. गाठीला चार पैसे जमले की आठवडाभर घरी राहणारेही पुष्कळ होते. गैरहजेरीचे प्रमाण मुंबईच्या गिरण्यांहून कितीतरी अधिक होते.

अशा वेळी मालकांपाशी एक ठरलेला उपाय असे. तो म्हणजे दंड. उशिरा आला तर दंड, न सांगता राहिला तर पगार कापणे, आणि तरीही ऐकले नाही तर हकालपट्टी. जमशेटजी व बेझनजी यांनी उलट दिशेने विचार केला. माणूस कामावर का येत नाही, याऐवजी त्याने का यावे, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. नियमित हजेरी व चांगले काम यांबद्दल गिरणीत बक्षिसे सुरू झाली. दरवर्षी थाटाचा बक्षीस-समारंभ होई. त्यात पैशांबरोबरच सोन्याचांदीचे दागिने, घड्याळे आणि कापड वाटले जाई. हातात दिलेले दहा रुपये दोन दिवसांत संपून जातात; सगळ्यांदेखत मिळालेला दागिना मात्र घरात राहतो, सणासुदीला अंगावर येतो आणि त्या घराचे गिरणीशी असलेले नाते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचा गौरव कुणी केला नव्हता अशा कष्टकऱ्यांना चारचौघांत नाव घेऊन पुढे बोलावले जाई, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

बक्षिसांच्या मागोमाग अधिक टिकाऊ योजना आल्या. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला. १८९५ मध्ये अपघात झालेल्या कामगारांना भरपाई देण्याची व्यवस्था झाली. या तारखांचा अर्थ कळण्यासाठी त्यांच्या शेजारी कायद्याच्या तारखा मांडून पाहाव्यात. अपघाताची भरपाई देणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ मध्ये झाला आणि भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये. म्हणजे सरकारला जे अठ्ठावीस किंवा सहासष्ट वर्षांनंतर सुचले, ते एका खासगी गिरणीत कुणी सक्ती न करता सुरू झाले होते. गिरणीची इमारत बांधतानाही हीच दृष्टी होती. खेळती हवा, हवेतील ओलावा राखणारी उपकरणे आणि आग लागल्यास आपोआप पाणी शिंपडणारी नळांची योजना या गोष्टी जमशेटजींनी करून घेतल्या. ओलाव्याने सूत तुटत नाही आणि आगीपासून माल वाचतो, हा त्यातील हिशेब होताच. पण ज्या हवेत सूत तुटत नाही त्याच हवेत माणसालाही दिवसभर उभे राहायचे असते, हेही या हिशेबात धरलेले होते.

शिकलेल्या तरुणांसाठी जमशेटजींनी उमेदवारीची पद्धत सुरू केली. पदवीधर तरुणांना गिरणीत घ्यायचे, खात्याखात्यांतून काम शिकवायचे आणि त्यांनी पुढील काही वर्षे तेथेच काम करावे असा करार करायचा, अशी ती योजना होती. त्या काळी पदवीधराचे लक्ष सरकारी कचेरीकडे लागलेले असे. गिरणीतील जबाबदारीच्या जागा बहुधा विलायतेहून आलेल्या लोकांकडे असत. या योजनेमुळे देशी माणसांची एक जाणती फळी तयार झाली. तिचा उपयोग तातडीने होत नव्हता. झाला तो संकट आले तेव्हा.

याच विश्वासाच्या बळावर एम्प्रेस मिलने एक धाडस केले. सूत कातण्याच्या यंत्रांत त्या सुमारास रिंग जातीची नवी चाती निघाली होती. लँकेशायरचे कारखानदार तिच्याविषयी साशंक होते. ब्रुक्सबींनी १८८३ च्या सुमारास ती नागपुरात चालवून पाहिली आणि ती यशस्वी ठरली. नवे यंत्र आले की कामगार बिचकतो, कारण जुने कौशल्य निरुपयोगी ठरून आपली भाकरी जाईल ही भीती त्याला वाटते. ज्या मालकावर भरवसा असतो त्याच्या गिरणीत ही भीती कमी असते. इंग्लंडने जे यंत्र निमूटपणे स्वीकारले नाही ते नागपूरच्या कोष्ट्यांनी व कुणब्यांनी चालवून दाखविले, हे यश एकट्या यंत्राचे नव्हते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे न्यायाचे ठरेल. एम्प्रेस मिल म्हणजे कामगारांचा स्वर्ग नव्हता. त्या काळच्या सर्वच गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. बायका आणि मुलेही गिरण्यांत राबत. प्रौढ पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याने पहिली मर्यादा आली ती १९११ मध्ये. जमशेटजी आपल्या काळाचे गिरणीमालक होते. नफा हे त्यांचे उद्दिष्ट होते आणि ते त्यांनी लपविले नाही. फरक इतकाच की माणसाला पिळून काढलेला नफा टिकत नाही, त्याला सांभाळून मिळविलेला टिकतो, हे त्यांना इतरांच्या आधी कळले होते. या कळण्याची कसोटी लागण्याचा दिवस दूर नव्हता.

ज्या १८८६ मध्ये नागपूरला निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, त्याच वर्षी जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाख रुपयांना विकत घेतली. प्रचंड आकाराची ही गिरणी बुडीत निघून विकावयास आली होती. तिच्या उभारणीला लागलेल्या पैशाच्या मानाने किंमत फारच थोडी वाटत होती. जमशेटजींनी तिचे नाव स्वदेशी असे ठेवले. वंगभंगाच्या चळवळीने हा शब्द घरोघर पोहोचविला त्याच्या सुमारे वीस वर्षे आधीची ही गोष्ट. बारीक सुताचे चांगले कापड, जे तोवर विलायतेहून येई, ते येथे काढावे, असा त्यांचा मानस होता. देशी लोकांनी मोठ्या विश्वासाने या कंपनीचे भाग घेतले. टाटांचे नाव आणि एम्प्रेस मिलचे यश एवढी हमी त्यांना पुरेशी वाटली.

परंतु गिरणी ताब्यात येताच तिचे खरे रूप दिसू लागले. यंत्रे झिजलेली होती. आज एक बंद पडे, उद्या दुसरे. दुरुस्ती करावी तो नवीनच काही तरी निघे. पुरेसे व कसलेले कामगार मिळत नव्हते. बाहेर पडणारा माल हलका ठरून बाजारातून तक्रारी येऊ लागल्या. भागांची किंमत झपाट्याने उतरली. टाटांच्या हातूनही गिरणी बुडते, अशी कुजबुज मुंबईच्या बाजारात सुरू झाली. बँकांनी हात आखडता घेतला. जमशेटजींचे वय या वेळी पन्नाशीच्या घरात आले होते आणि प्रकृतीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. गिरणी विकून किंवा बंद करून तोटा सोसणे त्यांना अशक्य नव्हते. तसे केले असते तर कुणी विशेष नावही ठेवले नसते. त्या काळी गिरण्या निघत आणि बुडत. पण ज्यांनी आपल्या नावावर पैसे टाकले त्यांचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. लंडनमधील सावकारांपुढे उभ्या राहिलेल्या त्या तरुणाची आठवण येथे होते.

जमशेटजींनी दोन गोष्टी केल्या. पहिली पैशाची. कुटुंबासाठी बाजूला काढून ठेवलेल्या संपत्तीला त्यांनी हात घातला आणि एम्प्रेस मिलचे आपले काही भाग विकले. त्यातून स्वदेशीला लागणारा पैसा उभा राहिला. दुसरी गोष्ट माणसांची. नागपूरच्या गिरणीतून जेवढी जाणती माणसे काढता येतील तेवढी त्यांनी कुर्ल्याला बोलावून घेतली आणि स्वतः स्वदेशीच्या कामात बारकाईने लक्ष घालू लागले.

पहिल्या गोष्टीची वाखाणणी बहुधा सर्व चरित्रांत आढळते. दुसरी तितक्याच तोलाची होती. पैशाने नवी यंत्रे येतात. पण जुन्या व नव्या यंत्रांचा मेळ घालणे, कुठल्या मागावर सूत का तुटते ते शोधणे, नव्या हातांना वळण लावणे ही कामे पैसा करू शकत नाही. ती करणारी माणसे बाजारात विकत मिळत नाहीत. मिळालीच तरी बुडत्या गिरणीत येत नाहीत. एम्प्रेस मिलमध्ये दहा वर्षांत जे हात तयार झाले होते आणि जी मने जोडली गेली होती, ती या घटकेला कामी आली. नागपुरात सुस्थितीत चाललेली गिरणी सोडून कुर्ल्याच्या मोडक्या गिरणीत जाणे हे कुणालाही बढतीचे वाटण्यासारखे नव्हते. दुसरीकडे एम्प्रेसमधून चांगली माणसे निघून गेल्यावरही तेथील काम अडले नाही, हेही तितकेच बोलके आहे. एका संस्थेच्या माणसांनी दुसरीला हात द्यावा आणि पहिलीने त्यांच्यावाचूनही आपले पाऊल ढळू देऊ नये, हे दोन्ही साधण्यास फार वर्षांची तयारी लागते.

स्वदेशी मिल सावरली. काही वर्षांतच तिच्या मालाला नाव मिळाले आणि देशाबाहेरच्या बाजारांतही तो खपू लागला. बाजारातली कुजबुज थांबली. ज्यांनी टाटांच्या नावावर विश्वास टाकला होता त्यांचा विश्वास वाया गेला नाही.

जमशेटजींच्या आयुष्याचे उरलेले पर्व पोलाद, वीज आणि विज्ञानशिक्षण यांच्या योजनांत गेले. त्या कहाण्या सर्वश्रुत आहेत. गिरण्यांत शिकलेला धडा मात्र ते या नव्या योजनांतही विसरले नाहीत. पोलादाचा कारखाना कुठे होणार हेही निश्चित नसताना, १९०२ मध्ये त्यांनी परदेशातून आपले पुत्र दोराबजी यांना पत्र लिहिले आणि कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, हिरवळी, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मीयांची प्रार्थनास्थळे असावीत अशी सूचना केली. कारखान्याच्या भट्टीची जागा ठरण्याआधी कामगाराच्या दारातल्या झाडाचा विचार करणारे उद्योगपती जगात थोडेच असतील. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जमशेटजींचे निधन झाले.

त्यांच्या मागे ही शिकवण कितपत टिकली, याचे उत्तर सरळ नाही. जमशेदपुरात १९१२ पासून आठ तासांचा दिवस सुरू झाला. इतरत्र त्याची कल्पनाही रुजली नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर पोलादाचे भाव कोसळले आणि १९२४ मध्ये कामगारांचे पगार भागविणेही कठीण झाले. तेव्हा सर दोराबजी टाटा यांनी आपली सारी संपत्ती, पत्नीच्या दागिन्यांसह, बँकेत तारण ठेवून कर्ज उभे केले आणि कारखाना वाचविला. स्वदेशीच्या वेळी वडिलांनी जे केले तेच मुलाने केले. मात्र त्याच जमशेदपुरात १९२० मध्ये आणि पुढे १९२८ मध्ये मोठे संपही झाले. वडिलांनी मिळविलेला विश्वास मुलाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही; प्रत्येक पिढीला तो नव्याने मिळवावा लागतो, हेच यातून दिसते. नागपूरची एम्प्रेस मिल शंभराहून अधिक वर्षे चालली आणि १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली. कापडाच्या धंद्याचे अर्थकारणच पालटले असता नुसत्या जिव्हाळ्यावर कुठलीही गिरणी अमर होत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

तरीसुद्धा जमशेटजींच्या चरित्रातून जे हाती लागते ते मोलाचे आहे. संकटाच्या दिवशी माणसांना हाक मारणारे पुष्कळ असतात. त्या हाकेला ओ मिळते की नाही, हे आधीच्या दहा वर्षांत ठरलेले असते. दुष्काळ पडल्यावर विहीर खणून पाणी लागत नाही; पाऊस असतानाच ज्याने बांध घातला त्याच्या शेतात ओल राहते. बक्षीस-समारंभातला एक दागिना, अपघातात हात गमावलेल्या मजुराच्या घरी पोहोचलेली मदत, उमेदवार तरुणाच्या चुका सोसून त्याला दिलेली दुसरी संधी हे सारे जमशेटजींनी घातलेले बांध होते. स्वदेशीच्या पडत्या काळात त्यांतले पाणी उपयोगी पडले. गिरणी असो, शाळा असो की ग्रंथालय, जी संस्था शंभर वर्षे उभी राहते तिच्या पायात दात्यांच्या पैशाबरोबर अशाच कुणा अनाम सेवकांचे दिवस गाडलेले असतात. नवसारीच्या या पुरोहितपुत्राने आपल्या गिरण्यांत त्या सेवकांची गणना भांडवलात केली, आणि हे भांडवल त्याच्या अडचणीच्या काळी त्याच्यापाशी उरले.